पाठीमागचे दोन स्वर

डोळा हा मोठा एककल्ली गृहस्थ आहे. समोर जेवढे मांडलेले असेल तेवढेच तो पाहतो आणि त्यालाच जग समजून स्वस्थ बसतो. कानाचे तसे नाही. पाठीमागे स्वयंपाकघरात फोडणी पडली, डावीकडच्या खिडकीखाली भाजीवाल्याने आरोळी दिली, उजवीकडच्या जिन्यावर कोणाची पावले वाजली, हे सारे तो एकाच क्षणी आणि मान न वळविता जाणतो. असे असूनही माणसाने ध्वनी साठवून ठेवण्याची विद्या हस्तगत केली तेव्हा त्याने कानालाही डोळ्यासारखेच वागविले. ग्रामोफोनच्या कर्ण्यातून आवाज आला तो समोरून. पुढे १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या, एका कर्ण्याचे दोन स्पीकर झाले. पण तेही समोरच मांडलेले. ऐकणाऱ्याच्या पाठीमागे जे जग असते त्याला रेकॉर्डवर जागा नव्हती.

ती जागा देण्याचा एक प्रयत्न १९७० नंतरच्या सहा-सात वर्षांत अमेरिकेत आणि जपानात झाला. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवावयाचे, श्रोत्याने मधोमध बसावयाचे, आणि एकाच तबकडीतून चौघांना चार निरनिराळे स्वर पुरवावयाचे, अशी ती 'क्वाड्रोफोनिक' नावाची योजना. कल्पना सुंदर होती. परंतु तिच्या जन्मदात्यांतच एकमत नव्हते. सीबीएस कंपनीची एस्‌क्यू पद्धत एक, सान्सुईची क्यूएस दुसरी, जेव्हीसीची सीडी-४ तिसरी. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट उलगडत नसे. ग्राहक गोंधळला, त्याने पाठ फिरविली आणि दशक संपता संपता हा सारा संसार मोडला. त्या मोडलेल्या संसारातील सात तबकड्या आमच्या घरी पन्नास वर्षे पडून होत्या. त्या वाजविण्याजोगे यंत्र जुळविण्यात आमचे गेले दीड वर्ष खर्ची पडले.

तबकड्या आमच्या थोरल्या बंधूंच्या. दादांना ध्वनीचे हे वेड लागले ते दिल्लीतच. तेव्हा आम्ही पहाडगंजात राहत होतो. १९६१ साली तेथे 'शीला' चित्रपटगृह सुरू झाले. सत्तर मिलिमीटरच्या चित्रफितीवर ध्वनीच्या सहा चुंबकीय पट्ट्या असत; पाच पडद्यामागच्या स्पीकरांसाठी आणि सहावी प्रेक्षकांच्या भोवतालच्या स्पीकरांसाठी. दादा तिकिटाचे पैसे जमवून तेथे जात आणि घरी येऊन चित्रपटाची गोष्ट सांगण्याऐवजी कोणता आवाज कोठून आला तेवढेच सांगत. ते चित्रपटगृह २०१७ साली बंद पडले. परंतु त्या सहाव्या पट्टीने लावलेले वेड दादांना पुरते लागले होते.

१९७३ साली ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. वहिनी तान्ह्या मुलीला घेऊन येथे, सासूसासऱ्यांपाशी राहिल्या. दोन हिवाळे दादांची पत्रे बर्फाच्या वर्णनांनी भरून येत. परतताना त्यांच्या सामानात कपडे थोडे आणि या सात तबकड्या होत्या. पियेर बुलेझ यांनी न्यू यॉर्क फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेली बार्टोकची रचना. जर्मनीतील फ्रायबुर्गच्या प्रार्थनामंदिरातल्या चार ऑर्गनांवर ई. पॉवर बिग्ज यांनी वाजविलेला बाख; जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राची 'बर्ड्स ऑफ फायर'. या आणि आणखी तीन एस्‌क्यू पद्धतीच्या. सातवी मात्र सीडी-४ ची: इसाओ तोमिता या जपानी संगीतकाराने देबुसीच्या रचना सिंथेसायझरवर बसवून १९७४ साली काढलेली 'स्नोफ्लेक्स आर डान्सिंग'. हिमकण नाचताहेत!

तबकड्या आल्या, पण त्या उलगडणारे यंत्र आले नाही. विद्यार्थ्याच्या शिलकीत ते बसले नाही आणि त्या काळी परदेशी यंत्रांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. नेताजीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्याकडे साधा चेंजर होता. त्यावर सहा तबकड्या दोन स्पीकरांतून वाजत. सातवीला हात लावण्याची मात्र कोणालाही परवानगी नव्हती. "योग्य सुई मिळाली की लावू," असे दादा म्हणत. पुढे १९९१ नंतर आयात खुली झाली. तोवर घरोघरी कॅसेटी आल्या होत्या आणि क्वाड्रोफोनिकचे नाव दुकानदारालाही ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर दादांचा उजवा कान गेला. ज्याला एकाच कानाने ऐकू येते त्याला दिशा कळत नाही. दोन काय नि चार काय, सारे स्पीकर त्याला सारखेच. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले, आणि वहिनी आमच्याकडे मयूर विहारला राहावयास आल्या तेव्हा कपड्यांच्या ट्रंकेतून या तबकड्याही आल्या.

एस्‌क्यूची युक्ती समजून घेताना आम्हांस नेताजीनगरचे ते घर वारंवार आठवले. स्टिरिओ तबकडीच्या चराला दोन भिंती असतात; एका भिंतीवर डावा स्वर कोरलेला, दुसरीवर उजवा. त्या दोन भिंतींत चार स्वर कोंबावयाचे म्हणजे दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये सहा माणसांनी राहावयाचे. पुढचे दोघे आपापल्या खोलीत नीट राहतात. पाठीमागचे दोघे दोन्ही खोल्यांत वाटून ठेवलेले असतात; फक्त त्यांच्या लहरी एका खोलीत पाव आवर्तनाने पुढे-मागे सरकविलेल्या असतात. त्यामुळे सुई त्यांच्यासाठी नुसती आडवी-उभी न हलता गोल गिरकी घेते. मागच्या डाव्यासाठी एका दिशेने आणि मागच्या उजव्यासाठी उलट दिशेने. यंत्राने त्या गिरक्या ओळखून पाठीमागच्यांना हुडकून काढावयाचे. ही हुडकण्याची क्रिया साधी ठेवली तर पुढचा आवाज मागेही बराचसा सांडतो. म्हणून पुढच्या यंत्रांत एक तर्कमंडल घातले गेले: जो स्वर त्या क्षणी प्रबळ असेल त्याला वाट द्यावयाची आणि इतरांना हळूच दाबावयाचे. आमच्या क्वार्टरमध्ये वडील बोलू लागले की बाकीचे जसे आपोआप गप्प होत, तसेच हे. लहान घरात शिष्टाचार असल्यावाचून चौघांचे चार आवाज ऐकू येत नाहीत.

सीडी-४ चा मार्ग निराळा आणि नाजूक. तिच्या चराच्या प्रत्येक भिंतीवर पुढच्या आणि मागच्या स्वरांची बेरीज कोरलेली असते. ती कोणत्याही यंत्रावर ऐकू येते. त्यांची वजाबाकी मात्र सेकंदाला ३०,००० आंदोलनांच्या एका वाहक लहरीवर स्वार करून त्याच चरात ठेवलेली असते. माणसाचा कान २०,००० च्या पुढे बहिरा. आमच्या वयात तर त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. कोणालाच ऐकू न येणाऱ्या त्या लहरीपासून वजाबाकी वेगळी काढावी, ती बेरजेत मिळवावी म्हणजे पुढचा स्वर मिळतो. वजा करावी म्हणजे मागचा. गणित शाळकरी आहे. परंतु या लहरी ४५,००० आंदोलनांपर्यंत चढतात, त्यांच्या खाचा अतिशय सूक्ष्म असतात, आणि साध्या गोल टोकाची सुई त्या घासून पुसून टाकते. त्यांच्यासाठी जपानी अभियंता नोरिओ शिबाता यांनी निराळ्या घाटाचे हिऱ्याचे टोक तयार केले. दादा ज्या 'योग्य सुई'ची वाट पाहत होते ती हीच.

आता यंत्राविषयी. एस्‌क्यूसाठी मोटोरोला कंपनीने त्या काळी काढलेली एम्‌सी १३१२ ही चिप आणि तिच्या जोडीच्या तर्कमंडलाच्या दोन चिपा टपालाने मागविल्या. त्यांच्याभोवतीचे कपॅसिटर आणि रेझिस्टर लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमधून आणले. त्या बोळांत फिरताना गल्लेवाला मान वर न करता मूल्य विचारतो आणि नेमका तोच नग मुठीत ठेवतो, हे पाहून आम्हांस कोणत्याही विद्यापीठापेक्षा त्या बाजाराविषयी अधिक आदर वाटू लागला. सोल्डरिंग शेजारच्या एका तरुण इंजिनियरने केले. आमचा हात आता कापतो. सीडी-४ साठी लागणारा जुना जपानी डिमॉड्युलेटर पुतणीने अमेरिकेहून येताना बॅगेत आणला. तो तिकडच्या १२० व्होल्टांचा. म्हणून एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर त्याच्या शेजारी येऊन बसला. सुईपासून यंत्रापर्यंतची तार आखूड आणि कमी धारकतेची हवी, नाहीतर वरच्या लहरी तारेतच विरतात, तीही मिळविली. दोन ॲम्प्लिफायर आणि चार सारखे स्पीकर जोडले, तेव्हा सारे घर भुंग्यासारखे गुणगुणू लागले. तीन दिवस शोध करून दोन्ही ॲम्प्लिफायरांचे अर्थिंग एकाच जागी आणले तेव्हा तो भुंगा गेला.

"अंकलजी, ये सब तो अब मोबाइल पर मिल जाता है," असे तो तरुण इंजिनियर एकदा म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दोन पट्ट्यांत चार स्वर गुंडाळण्याची तीच विद्या पुढे डॉल्बीने चित्रपटांत नेली, १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने ती जगभर गाजविली, आणि आज घराघरांतील करमणुकीत तिचे वंशज नांदतात. जी कल्पना दिवाणखान्यात हरली तीच चित्रपटगृहात जिंकली. परंतु आम्हांस चौफेर ध्वनी नको होता. तो दिल्लीत कोणत्याही लग्नसराईत फुकट मिळतो. या तबकड्यांत जे कोरून ठेवले होते आणि ज्याच्यासाठी एका माणसाने आयुष्यभर वाट पाहिली, तेवढेच आम्हांस हवे होते.

एस्‌क्यूच्या तबकड्या उलगडल्या. बुलेझने वादकांना श्रोत्याच्या चहूबाजूंस बसविले आहे. बार्टोक ऐकताना आपण सभागृहात नसून वाद्यवृंदाच्या पोटात बसलो आहोत असे वाटते. फ्रायबुर्गचे ऑर्गन तर चार भिंतींनी एकमेकांशी बोलावे तसे बोलतात. आनंद झाला, पण धाकधूक सातव्या तबकडीची होती. पन्नास वर्षांत दिल्लीचे उन्हाळे तिने सोसले होते. ती कोणी कधी चोरून वाजविली असली, तर वाहक लहर केव्हाच झिजून गेलेली असणार.

जपानी यंत्रावर एक छोटा दिवा आहे. वाहक लहर सापडली तरच तो लागतो. शिबाताची सुई तबकडीवर टेकली. पहिली दोन वर्तुळे तो विझलेलाच राहिला. मग लागला आणि स्थिर राहिला. दादांनी ती तबकडी एकदाही वाजविली नव्हती, याचा तो पुरावा होता. ज्याने ऐकले नाही त्याने राखले, आणि ज्यांनी राखले नाही ते आज ऐकत होते.

क्वाड्रोफोनिकमध्ये खरी जागा एकच, मधल्या खुर्चीची. तीत आम्ही वहिनींना बसविले. "इतकी वर्षं हात लावू देत नव्हते ती हीच होय?" एवढे म्हणून त्या बसल्या. त्यांना पाश्चात्य संगीताची गोडी नाही. त्या उपकारापुरत्याच ऐकत होत्या. हळूहळू समोरचे बारीक बारीक स्वर सुटून डावीकडे गेले, मग पाठीमागे गेले. वहिनींनी मान वळवून मागे पाहिले. मागे भिंत आणि स्पीकर. त्या पुन्हा समोर पाहू लागल्या आणि बाजू संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भावोजी, ते पत्रांतून लिहायचे तो बर्फ हाच का?"

आम्ही होय म्हटले. दुसरे काय म्हणणार?

जपून ठेवणे हे मोठे सत्कर्म आहे असे आपण लहानपणापासून ऐकतो. परक्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ते अधिकच पटते; भाषा जपावी, सण जपावेत, ट्रंकेतली पैठणी जपावी. दादांच्या जपण्याविना तो दिवा लागला नसता, हे खरे. परंतु तबकडी ही शेवटी वाजण्यासाठी असते. चांगल्यात चांगली सुईदेखील प्रत्येक वेळी थोडे काहीतरी खरवडून नेतेच. एक दिवस तो दिवा लागणार नाही आणि पाठीमागचे दोन स्वर पुढच्या दोघांत कायमचे मिसळून जातील. संगणकावर त्याची प्रत करून ठेवण्यास तो तरुण इंजिनियर तयार आहे, आणि आम्ही त्यास तसे सांगितलेही आहे. तरी तबकडी पुन्हा ट्रंकेत घालावयाची नाही, असे आम्ही ठरविले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती लागते. खुर्ची एकच असल्यामुळे आळीपाळीने बसावे लागते, आणि पहिली पाळी वहिनींची असते.