तुरटीनं आखलेला लाल

धुळ्याहून सेंधवा, बडवानी करत नर्मदा ओलांडली की कुक्षी लागतं आणि तिथून थोडं पुढं बाघ. मध्य प्रदेशाच्या धार जिल्ह्यातलं हे लहानसं गाव बहुतेकांना ठाऊक असतं ते तिथल्या बौद्ध लेण्यांमुळे. मी गेले ती कापडासाठी. धुळ्याचा उन्हाळा मी वर्षानुवर्षं बाघ छपाईच्या कुर्त्यांवर काढत आले आहे. पांढऱ्या जमिनीवर लाल-काळी वेलबुट्टी, तिसरा रंग क्वचितच. कितीही धुतलं तरी त्यातला लाल जागचा हलत नाही आणि कापड मात्र दर वर्षी जास्त मऊ होत जातं. शाळेत रसायनशास्त्र शिकवताना ‘रंगबंधक’ हा शब्द मी फळ्यावर कितीदा तरी लिहिला असेल. तो रंगबंधक प्रत्यक्ष कामाला लागलेला पाहायचा, एवढ्यासाठी निघाले होते.

एका खत्री कुटुंबाच्या कारखान्यात शिरले तर आधी वास आला एरंडेलाचा आणि शेळीच्या लेंड्यांचा. कोरं सुती कापड धुऊन ते खार, एरंडेल आणि लेंड्या कालवलेल्या पाण्यात तुडवतात, वाळवतात, पुन्हा भिजवतात. गिरणीची सगळी खळ निघून जाते आणि सूत रंग प्यायला तयार होतं. मग हिरड्याचं पाणी. उन्हात पसरलं की कापडावर फिकट पिवळी छटा येते. माझ्या कुर्त्याच्या मऊपणाचं निम्मं उत्तर मला इथेच मिळालं. ठसा पडायच्या आधीच हे कापड इतकं मळलेलं, धुतलेलं असतं.

छपाई दगडी फरशीवर चालते, वर गोणपाटाचे थर. शेजारी दोन पेट्या, दोन्हींत चिंचोक्याची पेज. एकीत लोखंड, दुसरीत तुरटी; हेच ते रंगबंधक, रंग धाग्याला बांधून ठेवणारे. लोखंडाचा ठसा टेकताच कापडावर काळा उमटतो, कारण हिरड्यातलं टॅनिन तिथे वाटच पाहत असतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची अशीच शाई आपल्याकडे बोरूनं लिहायला वापरत. तुरटीचा ठसा मात्र जेमतेम दिसतो. सागवानी ठसा उचलायचा, पेटीत टेकवायचा, कापडावर ठेवून मुठीनं ठोकायचा; पुढचा ठसा आधीच्याला असा भिडवायचा की वेल कुठे तुटू नये. आखणी कुठेच नव्हती. कोपऱ्यावर किनार वळवताना छपाई करणारे चाचा क्षणभर थांबत, मग हात बरोबर जागी पडे.

मी म्हटलं, “चाचा, इसमें लाल तो कहीं दिखता ही नहीं.”

“वो भट्टी में आएगा, मैडम. अभी तो उसकी जगह बना रहे हैं.”

जवळजवळ न दिसणाऱ्या पेजेनं त्यांनी पुरी साडी छापली. चुकलेला ठसा खोडता येत नाही, आणि चूक झाली तर ती नीट दिसणार बऱ्याच दिवसांनी. छापलेलं कापड आठवडाभर तरी तसंच ठेवतात, म्हणजे तुरटी धाग्यात मुरते.

त्यानंतर बाघिनी नदी. गुडघाभर वाहत्या पाण्यात उभं राहून कापड दगडावर आपटायचं. जास्तीची पेज निघते आणि लगेच वाहून जाते. साचलेल्या पाण्यात तीच पेज परत पांढऱ्या भागाला लागेल आणि डाग धरेल. बाघचा पांढरा इतका स्वच्छ राहतो त्याचं श्रेय या वाहत्या पाण्याला आहे. म्हणून नदी आटली की या छपाईचा जीव जातो, हे मला तिथे उभं राहून कळलं.

भट्टीवरचं तांब्याचं भांडं मी शेवटपर्यंत सोडलं नाही. पाण्यात अलिझरीन हे लाल रंगद्रव्य आणि तिकडे धावडी म्हणतात ती वाळलेली फुलं. कापड काठीनं वरखाली होत राहिलं, पाणी तापत गेलं आणि तुरटी जिथे मुरली होती तिथेच लाल चढू लागला. आधी गुलाबी, मग विटकरी, मग तो ओळखीचा गडद लाल. मी चाळीस-चाळीस मुलांपुढे मांडलेलं समीकरण माझ्यासमोर वेल होऊन उमलत होतं. माझे डोळे भरून आले.

हा लाल पूर्वी आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढत. 1868 साली जर्मनीत अलिझरीन प्रयोगशाळेत तयार झालं, पुढे ते भारतभर पसरलं आणि बाघमध्येही आज तेच वापरतात. त्यामुळे ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ अशी चिठ्ठी लावून हे कापड विकणं मला पटत नाही. त्याची गरजही नाही. हिरडा, तुरटी, नदी आणि हात एवढं पुरेसं आहे.

हे ठसे मूळचे भिल्ल-भिलाला बायकांच्या घागऱ्या-लुगड्यांचे. इस्माईल सुलेमानजी खत्री यांनी ते चादरी आणि साड्यांवर आणले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले. 2008 मध्ये बाघ छपाईला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी बाजारात स्क्रीनवर छापलेला माल याच नावानं सर्रास विकला जातो आणि त्याचा मला मनापासून राग येतो. त्यातला रंग बहुधा कापडावर बसलेला असतो, हाताला कडक लागतो, उन्हाळ्यात अंगाला चिकटतो.

तेव्हा घेताना कापड उलटं करून पाहा. रंग मागेही उतरलेला दिसायला हवा. ठशांचे सांधे शोधा, कुठेतरी केसभर फरक सापडेलच. घरी साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि कारागिराशी किमतीची घासाघीस करू नका. बाघला जायचं असेल तर थंडीत जा. पावसाळ्यात कापड वाळत नाही, त्यामुळे छपाई मंदावते.