खोकं

गेल्या आषाढात आमच्या माळ्यावर पाणी आलं. गच्चीच्या कोपऱ्यातून गळती सुरू झाली होती आणि ती थेट माझ्या बाहुल्यांच्या कपाटामागे उतरली. मला कळेपर्यंत दोन दिवस गेले होते. वरचं खोकं काढलं तर त्याचा खालचा कोपरा ओल्या पापडासारखा हातात आला.

मी ओरडले. नवरा चहाचा कप घेऊन आला.

"काय झालं? बाहुली भिजली?"

"बाहुली ठीक आहे. खोकं गेलं!"

"मग?"

या "मग?"चं उत्तर मी गेली तीस वर्षं देते आहे. नातेवाइकांपैकी जे हे वाचतात त्यांना माझं वेड माहीत आहे (ताई, हसू नकोस). बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते.

१९९४ च्या डिसेंबरमध्ये आम्ही न्यू जर्सीत नवे होतो. लेक चार वर्षांची. नाताळच्या गर्दीत एका खेळण्यांच्या दुकानात तिला घेऊन गेले आणि लेक बाजूलाच राहिली, मीच एका खोक्यासमोर उभी राहिले. सोनेरी झगा, पांढऱ्या फरची किनार. 'हॅपी हॉलिडेज' बार्बी. लहानपणी माझ्याकडे एकच बाहुली होती, आईने जुन्या पातळाच्या चिंध्यांची केलेली, डोळे काळ्या दोऱ्याचे. तेव्हा तीस-पस्तीस डॉलर आम्हाला भारी होते, पण घेतली. लेकीसाठी म्हणून घेतली आणि घरी येईपर्यंत माझी झाली.

शेजारी एक अमेरिकन आजीबाई राहायच्या, त्यांच्याकडे बाहुल्यांची अख्खी खोली होती. त्यांनी मला दीक्षा दिली. पहिला आणि शेवटचा नियम: उघडायचं नाही. या जगात त्याला एनआरएफबी म्हणतात, म्हणजे खोक्यातून कधीही बाहेर न काढलेली. बाहुली, तिचे बूट, मनगटाला गुंडाळलेली तार, केस मागच्या पुठ्ठ्याला शिवून ठेवलेले टाके, सगळं कारखान्यातून आलं तसंच असायला हवं. खोक्याचा कोपरा चेपला तर भाव पडतो. खिडकीचं प्लॅस्टिक फाटलं तर आणखी पडतो. आणि उघडलेली असेल तर मग ती फक्त बाहुली!

मला हे लगेच पटलं, कारण मी कुठल्या घरातली होते? आमच्या आईने लग्नात आलेला काचेच्या ग्लासांचा सेट तीस वर्षं खोक्यातून काढला नाही. नवी साडी आली की "चांगली आहे, ठेवून दे." रेडिओला शिवलेलं कव्हर, पुस्तकांना खाकी कागद. चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायले होते. अमेरिकेत त्याला छंद म्हणतात हे कळल्यावर मला फार बरं वाटलं :-)

मग दरवर्षी एक आली. १९९५ ची हिरव्या झग्यातली, पुढे ९६, ९७. लेक विचारायची, "हिच्याशी कधी खेळायचं?" मी म्हणायची, "ही खेळायची नाही, बघायची." तिला खेळायला साध्या बार्ब्या होत्या. त्यातल्या दोघींचे केस तिने कात्रीने कापून टाकले, त्यामुळे माझा निर्णय योग्यच होता असं मी स्वतःला सांगितलं.

आता थोडं गणित. ही नाताळची मालिका १९८८ मध्ये लाल झग्यातल्या बार्बीने सुरू झाली आणि या नावाने १९९८ च्या काळ्या झग्यापर्यंत चालली. पहिली लवकर संपली, तिचा भाव चढला, आणि मग माझ्यासारख्या हजारो बायका शहाण्या झाल्या. पुढच्या सगळ्या आम्ही जपल्या. कंपनीनेही भरपूर काढल्या. परिणाम काय? माझ्या खोक्यांवर 'स्पेशल एडिशन' छापलंय खरं, पण आज त्यातल्या बऱ्याचशा मूळ किमतीलाही जड जातात. पुढे २००४ मध्ये मॅटेलने रीतसर लेबलं आणली: प्लॅटिनम म्हणजे हजारापेक्षा कमी, गोल्ड म्हणजे जास्तीत जास्त पंचवीस हजार, सिल्व्हर म्हणजे पन्नास हजार. पन्नास हजार आणि तरी 'लिमिटेड'! आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट आहेत, म्हणजे अशा हजार सोसायट्यांना घरटी एक देऊनही उरतील.

आणि उलट बघा. पहिली बार्बी ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत आली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख, किंमत तीन डॉलर. त्या पहिल्या वर्षात काही लाख खपल्या. पण मुली तिच्याशी खेळल्या आणि खोकं त्याच दिवशी केरात गेलं. म्हणून आज ते साधं पुठ्ठ्याचं खोकंसुद्धा लोक शोधत असतात. जे सगळ्यांनी फेकलं ते दुर्मिळ झालं आणि जे सगळ्यांनी जपलं ते स्वस्त झालं. हे मला कळलं तेव्हा माझ्याकडे अकरा खोकी होती. असो.

२००९ मध्ये आम्ही पुण्याला परतलो. सामान जहाजाने आलं, त्यात दोन खोक्यांचे कोपरे चेपले. मी नुकसानभरपाईचा अर्ज भरला. पलीकडून विचारणा आली, "वस्तू सुस्थितीत आहे का?" मी लिहिलं, हो, पण वेष्टन खराब झालंय. उत्तर आलं की वेष्टन हे वस्तूच्या संरक्षणासाठीच असतं आणि त्याने आपलं काम केलेलं दिसतं. नवरा ते पत्र फ्रेम करून लावायला निघाला होता.

तर, भिजलेलं खोकं. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर सांगते. हेअर ड्रायर मारू नका, पुठ्ठा वाकडा होतो. उन्हात ठेवू नका, छपाई उडते. सावलीत, पंख्याखाली ठेवायचं, आतून-बाहेरून टिपकागद लावायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. जरा दमट असतानाच दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर जड पुस्तकं. सेलोटेप तर मुळीच नको, त्याचा गोंद पिवळा होऊन पुठ्ठ्यात उतरतो. आणि बाहुली आधी बाहेर काढायची.

हे शेवटचं वाक्य मी सहज लिहिलं, पण करायला मला दोन तास लागले. नवऱ्याने एकदा विचारलं, "मी काढू?" मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर तो बाहेर जाऊन बसला.

खरं तर काढायलाच हवी होती. बंद खोकं सुरक्षित असतं हाही एक भ्रमच आहे. व्हिनाइलमधलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं, हातपाय चिकट होतात. केसांचे रबर वितळतात. तारेला गंज चढतो आणि मनगटावर डाग पडतो. साठच्या दशकातल्या बार्ब्यांचे कान तर त्यांच्याच धातूच्या कुड्यांनी हिरवे होतात. हवा नाही, उजेड नाही, आणि आपण बाहेरून म्हणतो, किती छान राहिलीय!

खोक्याच्या तळाची चिकटपट्टी सोडवायला घेतली आणि थांबले. पट्ट्या दोन होत्या. खालची, मूळची, मधोमध सरळ कापलेली. वरची पिवळी पडलेली, आपल्या घरातली असते तसली.

आतला पुठ्ठा ओढून काढला. उजव्या मनगटाला तार होती. डाव्या मनगटाला मात्र अमेरिकेत ब्रेडच्या पिशवीला असते ती कागदी तार होती, पांढरी. बूट उलटे, उजवा डाव्या पायात. केसांचे टाके कापलेले. समोरून, खिडकीतून, यातलं काहीच दिसत नव्हतं.

मला आधी राग आला. तीस वर्षांनी, लेक पस्तिशीची झाल्यावर, तिच्यावर राग! म्हटलं, आत्ता फोन करते, शिकागोत किती वाजले असतील ते वाजू देत.

मग बाहुली पालथी केली. मानेखाली, झग्याच्या कॉलरमध्ये खोचलेली, करंगळीहून बारीक वेणी होती. चार पेडांची. टोकाला लाल दोरा, तीन वेढे आणि गाठ आतल्या बाजूला.

चार पेडांची वेणी सात वर्षांच्या मुलीला येत नाही. मलाही येत नाही. आमच्या घरात ती एकाच बाईला यायची.

आई १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे आली होती, सहा महिन्यांसाठी. त्यानंतर तिला परत येणं जमलं नाही, २००६ मध्ये ती गेली. त्या हिवाळ्यात मी सकाळी साडेसातला घर सोडायची आणि संध्याकाळी सहाला यायची. रोज विचारायची, "कसा गेला दिवस?" ती रोज म्हणायची, "छान गेला." मी पुढे काही विचारलं नाही. स्वयंपाक तयार असायचा, लेक खूश असायची, अजून काय हवं होतं मला?

फोन केला. लेक आधी गप्प झाली, मग हसायलाच लागली.

"आई, तुला आत्ता कळलं?"

"तू उघडलीस?"

"अगं मी नाही! आजीने. भाजी चिरायच्या सुरीने. मी घाबरले होते, म्हटलं आई रागावेल. ती म्हणाली, परत लावून ठेवू, तुझ्या आईला काय कळतंय."

बाहुल्यांची लग्नं लावायचे म्हणे. मी शाळेतून तीनला यायचे, ती सांगत होती, तोवर आजीने रुमालाच्या मुंडावळ्या करून ठेवलेल्या असायच्या. बाहुला नव्हताच, मग एकदा टीव्हीच्या रिमोटशी लग्न लावलं. अक्षता टाकून झाल्या की आजी त्या वेचून परत डब्यात टाकायची.

"तू हट्ट केलास म्हणून ना?" मी विचारलं. मला ते उत्तर हवं होतं.

"नाही गं. आजीलाच खेळायचं होतं. दिवसभर खिडकीत बसायची ती. बर्फात बाहेर जाता यायचं नाही, कुणाशी बोलता यायचं नाही. मला म्हणायची, तू लवकर ये."

मी थोडा वेळ काही बोलले नाही. मग विचारलं, "कुठली कुठली उघडली होती?"

"तेव्हा होत्या त्या सगळ्या."

आता गंमत पुढे आहे. म्हणजे गंमत नाहीच. २०११ मध्ये मी १९९५ ची हिरवी बार्बी विकली होती. बंगलोरच्या एका बाईंना. त्या माझ्यासारख्याच, कोपरा न् कोपरा तपासून घेणाऱ्या. मी त्यांना स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, 'कधीही न उघडलेली, खात्रीपूर्वक.' त्या पैशात आमचा मिक्सर आला, तो अजून चालतो.

तीन दिवस मी स्वतःशी भांडले. नवरा म्हणाला, "मुद्दाम फसवलंस का? नाही ना. सोड." लेक म्हणाली, "त्यांना चौदा वर्षांत कळलं नाही, आता कशाला?" पण उघडलेली वस्तू न उघडलेली म्हणून कुणाच्या कपाटात आहे आणि ते मला ठाऊक आहे, हे काही मला सोसेना. या छंदात दुसरं आहे काय? ना सोनं, ना चांदी. एक पुठ्ठा, आणि समोरच्याने दिलेला शब्द.

शेवटी मेल लिहिली. जुनाच पत्ता, तो चालू आहे की नाही देव जाणे. झालं ते सगळं सांगितलं. पैसे परत करते म्हटलं. आणि खाली आणखी एक ओळ घातली, जी लिहिताना मला माझीच लाज वाटली: बाहुली परत द्यायची नसेल तर निदान एकदा तिला पालथी करून बघाल का, मानेखाली वेणी आहे का? असली तर कृपा करून सोडू नका.

सोनेरी बार्बी आता दिवाणखान्यात, शोकेसमध्ये आहे. बूट मी उलटेच राहू दिलेत. वेणीच्या टोकाचा दोरा जरा विरलाय, त्याला काय करावं हे कुणाला माहीत असेल तर सांगा. खोकं सुकलं, पण कोपरा काही सरळ झाला नाही. ते मी टाकलेलं नाही. आईची सवय, जाता जात नाही.

बाकीच्या तीन खोक्यांच्या तळाच्या पट्ट्या मी टॉर्च घेऊन तपासल्या. एकीवर दुहेरी पट्टी नक्की आहे. दोघींचं खात्रीने सांगता येत नाही. उघडून बघायचं का, हे अजून ठरत नाहीये. नवरा म्हणतो उघड. लेक म्हणते, मी डिसेंबरमध्ये येतेय, तोवर थांब, आपण दोघी मिळून उघडू.

बंगलोरहून अजून उत्तर नाही. आलं की लिहीन.