शंभराचे एकशेसाठ : शिरगाव ते लुंबिनी

पालघर स्टेशनहून सातपाटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे शिरगाव लागते. इथला किल्ला आणि समुद्रकिनारा पाहायला रविवारी मुंबईची मंडळी येतात. आमची मंडळी मात्र गाव सोडून निघतात ती चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला आणि गाठीला पैसा साठलाच तर लुंबिनीला. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या किंवा पालघरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या माणसाचा पहिला परदेश म्हणजे नेपाळच. तिथे पासपोर्टवाचून मतदार ओळखपत्रावर जाता येते, म्हणून तो परदेश वाटत नाही. पैशाच्या बाबतीत मात्र तो पक्का परदेश आहे, आणि नेमके तिथेच आपल्या लोकांना लुटले जाते.

२०२४ च्या हिवाळ्यात आम्ही बावीस जण निघालो. त्यांत सोळा भगिनी. महिला मंडळात दोन वर्षे दरमहा पैसे टाकून त्यांनी ही धम्मयात्रा जमवली होती. आधी एका यात्रा चालकाकडे चौकशी केली, तर त्याने प्रवासखर्चाखेरीज माणशी दोनशे रुपये ‘चलन बदली खर्च’ म्हणून लावले. कशाचा खर्च, असे विचारता म्हणाला, “परदेशाचे व्यवहार असतात, तुम्हांला नाही समजायचे.” हे वाक्य आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. आम्ही त्याला नमस्कार केला आणि जमाखर्च स्वतः पाहायचे ठरवले.

वास्तविक समजायला अवघड काही नाही. १९९३ पासून नेपाळने आपला रुपया भारतीय रुपयाला बांधून ठेवला आहे. आपला एक रुपया म्हणजे त्यांचा एक रुपया साठ पैसे. आपले शंभर, त्यांचे एकशेसाठ. डॉलरसारखा हा भाव रोज हलत नाही. तेव्हा बाजारात कोणी ‘आजचा भाव’ सांगू लागला की समजावे, गडबड आहे.

दुसरी गोष्ट नोटांची. नेपाळ सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये शंभराच्या वरच्या भारतीय नोटा बंद केल्या. पुढे त्यात बदलाच्या हालचाली झाल्या, म्हणून निघण्याच्या आठवड्यात बँकेत विचारून घेणे बरे. शंभराची नोट मात्र निर्धास्त न्यावी. आम्ही पालघरच्या बँकेतून शंभराची बंडलेच काढली. एका बंडलात शंभर नोटा, म्हणजे दहा हजार. सामायिक खर्चाचा पैसा तिघांकडे वाटला. ज्याचा त्याचा पैसा ज्याच्या त्याच्याकडे, बायकांचा बायकांच्या बटव्यात. ‘सगळे पैसे भाऊंकडे द्या’ ही जुनी रीत आम्ही मुद्दाम मोडली.

लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून बसने सोनौली. सरहद्दीची कमान ओलांडली की नोटा बदलणाऱ्यांची दुकाने सुरू होतात. आमच्यातल्या एका मावशींनी हजार रुपये पुढे केले. त्या पालघरला भाजी विकतात, शाळा दुसरीपर्यंत. दुकानदाराने पंधराशे नेपाळी मोजून दिले. मावशींनी नोटा परत मोजल्या आणि म्हणाल्या, “दादा, शंभराला एकशेसाठ ना? मग दहा शंभरांचे सोळाशे झाले. माझे शंभर कुठे गेले?” तो कमिशन म्हणाला. मावशी म्हणाल्या, “एवढं कमिशन मी वांग्यावर घेतलं तर गिऱ्हाईक टोपली उलटी करील!” पलीकडच्या दुकानात किरकोळ दलाली कापून पैसे मिळाले, आणि मग सगळी रांग तिकडेच वळली. हजारामागे शंभर नेपाळी म्हणजे आपले साडेबासष्ट रुपये. बावीस जणांचा हिशेब वाचकांनीच करावा.

पुढे भैरहवा आणि लुंबिनीत आणखी एक कोडे पडते. दुकानदार ‘पाचशे’ म्हणतो, पण कोणते पाचशे? तिकडे बोलीत ‘आयसी’ म्हणजे भारतीय आणि ‘एनसी’ म्हणजे नेपाळी. प्रत्येक वेळी विचारून घ्यावे. पाचशे एनसी म्हणजे आपले तीनशे साडेबारा. न विचारता शंभराच्या पाच नोटा दिल्या तर जवळजवळ दोनशे गेले.

तरुण मंडळींचा भर मोबाईलवर होता. मार्च २०२४ पासून नेपाळात फोनपेच्या क्यूआरवर आपले यूपीआय चालू झाले आहे, पण ते सर्वच अ‍ॅपमध्ये आणि सर्वच दुकानांत चालत नाही. कार्डाचेही तसेच. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२० च्या नियमाप्रमाणे नवे कार्ड फक्त देशांतर्गत वापरापुरते सुरू असते. परदेशातला वापर आपण बँकेला सांगून चालू करावा लागतो. हे शिरगावातच करून निघावे, सोनौलीला गेल्यावर नव्हे. शिवाय परक्या एटीएममधून दर वेळी पैसे काढताना आकार कापला जातो, म्हणून थोडे थोडे काढणे महागात पडते.

मायादेवी मंदिराशेजारी अशोकस्तंभापुढे आम्ही बराच वेळ उभे राहिलो. त्यावरचा लेख फार लहान आहे. भगवंत इथे जन्मले म्हणून सम्राटाने लुंबिनी गावाचा बळी नावाचा कर माफ केला आणि उत्पन्नातला राजाचा वाटा आठव्या हिश्शावर आणला, असे तो सांगतो. सम्राटाने श्रद्धा व्यक्त केली ती गावकऱ्यांचा कर कमी करून! त्याच अशोकाचे शिलालेख आपल्या पालघर जिल्ह्यात सोपाऱ्यालाही सापडले आहेत. आणि नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताचा लेख तर चक्क विनिमयाचा दर सांगतो : पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण. भिक्खूसंघासाठी श्रेणीकडे ठेवलेली रक्कम आणि तिचे व्याजही त्याने कोरून ठेवले, ते निगमसभेत ऐकवले आणि फलकावर नोंदवले. एकोणीसशे वर्षांपूर्वी आकडा भिंतीवर होता. सोनौलीच्या त्या पहिल्या दुकानात भावाची पाटीसुद्धा नव्हती.

बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, हे आपण जाणतो. त्याआधी तेहतीस वर्षे, १९२३ साली, लंडनमध्ये त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ निघाला, तो याच चलनाच्या आणि विनिमयाच्या प्रश्नावर. विलायती नाण्याशी रुपयाचा भाव टिकवण्यापेक्षा रुपयात किती माल येतो ते टिकणे गरिबाला महत्त्वाचे, असा त्यांचा रोख होता. परतीच्या गाडीत आम्ही हे सांगितले, तेव्हा मावशी म्हणाल्या, “मग बाबांनी भाजीवालीचाच हिशेब लिहिला की!”

एक सांगायचे राहिले. नेपाळी नोट गोरखपूरच्या पुढे कोणी घेत नाही, म्हणून उरलेले पैसे सरहद्दीवरच बदलावेत. आमचे सामायिक खात्यातले तीनशेवीस नेपाळी उरले होते. त्यांचे दोनशे रुपये झाले, ते विहाराच्या वहीत जमा आहेत. पुढची यात्रा श्रीलंकेची ठरते आहे. तिथे आपली नोट दुकानात चालत नाही आणि भावही रोज हलतो, म्हणून महिला मंडळाने आतापासून दर रविवारी वर्तमानपत्रातला भाव विहाराच्या फळ्यावर लिहायला सुरुवात केली आहे.