वही कोणाच्या हातात?

आमच्या जव्हार-मोखाड्याकडे 'कर्ज' या शब्दापेक्षा 'उचल' हा शब्द जास्त चालतो. भातकापणी आटोपते, दिवाळी होते आणि पाड्यांवरची कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात. कोणी भिवंडीकडे, कोणी वसई-कल्याणकडे. निघण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते. पावसाळ्यातली उधारी तिच्यातूनच फिटते, कधी घरातले लग्न पार पडते. भट्टीवर दर आठवड्याला खर्ची मिळते आणि हंगाम संपताना विटांचा हिशेब होतो. हा हिशेब असतो मालकाच्या वहीत. 'उचल अजून फिटली नाही' असे वहीने सांगितले की पुढचा हंगामही त्याच भट्टीवर.

पालघर जिल्हा 2014 साली झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. तिथल्या लग्नगड्यांविषयी गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवले आहे. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या रुपयांपोटी वारली नवरा-बायको सावकाराकडे वर्षानुवर्षे राबत. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली. वही मात्र अजून देणाऱ्याच्याच हाती राहिली आहे.

माझ्या अब्बांचे छोटे किराणा दुकान होते. त्यांच्याकडेही उधारीची वही होती. पण ते गिऱ्हाइकासमोर लिहीत, रक्कम मोठ्याने वाचून दाखवत आणि मगच वही मिटत. स्वतः त्यांनी बँकेचे कर्ज कधी घेतले नाही. व्याज नको, हा त्यांचा बाणा. घाऊक व्यापारी मात्र केवळ शब्दावर त्यांना महिन्याचा माल देत आणि त्यांनी एकाचाही पैसा बुडवला नाही. बाजारपेठेत त्यांची पत मोठी होती.

पुढे धाकट्या भावाच्या फार्मसीच्या शिक्षणासाठी एका बँकेत गेलो, तेव्हा या पतीचा काही उपयोग झाला नाही. अब्बांच्या नावावर संगणकात काहीच नव्हते. माझ्याही नव्हते. ज्याने कधी बँकेकडून कर्ज घेतले नाही, त्याच्या नावापुढे गुणांऐवजी उणे एक येतो. आयुष्यभर कोणाचे देणे न ठेवलेल्या माणसापुढे उणे! अब्बा काही बोलले नाहीत. टोपी सारखी केली आणि उठले. केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असे केंद्र सरकारने 2025 साली संसदेत स्पष्ट केले. आमची फेरी त्याच्या आधीची.

मग मी पगाराच्या खात्यावर क्रेडिट कार्ड घेतले. अम्मींचा पहिला प्रश्न होता, 'बेटी, हे जायज आहे का?' कार्ड घेताना उशीर झाल्यास व्याज देण्याचे कलम मान्य करावे लागते, त्यामुळे उलेमांत याविषयी मतभेद आहेत. मी माझ्यापुरता नियम केला. जे खात्यात आहे तेवढेच कार्डावर खर्चायचे आणि मुदतीच्या आत पूर्ण बिल भरायचे. असे केले तर खरेदीवर एक पैसाही व्याज लागत नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. शेकडेवारी शिकवताना हेच उदाहरण फळ्यावर मांडते. बिल दहा हजारांचे आहे. आपण 'किमान रक्कम' म्हणून फक्त पाचशे भरले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे तीनशे पन्नास. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे त्रेसष्ट. पाचशेतून चारशे तेरा असे गेले. मुद्दल फिटले फक्त सत्त्याऐंशी रुपये! शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. कार्डाने रोख काढली तर बिलाची वाटही पाहिली जात नाही, त्याच दिवसापासून व्याज. उचलीचे जाळे आणि हे जाळे विणणारे हात वेगळे आहेत, वीण एकच.

पण कार्डाची दुसरी बाजूही आहे. सिबिल ही संस्था 2000 साली स्थापन झाली. आज अशा चार कंपन्या आपली परतफेड नोंदवतात. गुण 300 ते 900. साधारण 750 च्या वर असले की बँका चांगले मानतात. सगळ्यात जास्त वजन वेळेवर भरण्याला. मर्यादा पन्नास हजारांची असेल तर पंधरा हजारांच्या आतच वापरावे. एकाच वेळी चार ठिकाणी अर्ज करू नयेत. आणि दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहताना दहादा विचार करावा, कारण ते कर्ज आपल्याही अहवालात दिसते. हा संपूर्ण अहवाल प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो. चूक दिसली तर तक्रार करता येते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही शेवटची गोष्ट. कुरआनातील सर्वांत मोठी आयत नमाज-रोजाची नाही, कर्जाच्या व्यवहाराची आहे. कर्ज लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असे ती सांगते. आणि मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणे आहे त्याने. दुबळ्याच्या बाजूने एवढी काळजी! आमच्या भागात नेमके उलटे घडत आले. देणे एकाचे आणि शब्द दुसऱ्याचे.

भावाचे कर्ज दीड वर्षाने, माझ्या नावाच्या नोंदीवर मंजूर झाले. ते व्याजाचेच आहे, हे मी लपवत नाही. दुसरीकडे शेकडा पाच दरमहा मागत होते. अब्बा अजून त्या कागदाला हात लावत नाहीत, पण हप्त्याच्या तारखेची आठवण तेच करून देतात.

गेल्या दिवाळीनंतर ओळखीच्या एका वारली बाईला मी चाळीस पानी वही दिली. तिचा नवरा सातवी शिकलेला. दर आठवड्याची खर्ची आणि पाडलेल्या विटा त्याने लिहून ठेवल्या. हंगामाअखेर दोन वह्यांत फरक निघाला. मालकाने तो मान्य केला, असे लिहायला मला आवडले असते, पण तसे झाले नाही. यंदा मात्र त्यांनी त्या भट्टीची उचल घेतलेली नाही आणि जुन्या वहीची पाने संपली म्हणून ती नवी वही मागायला आली होती. या वेळी दोन दिल्या.