भिंतीचा हिशेब

आमच्या ग्रामदेवतेच्या प्राकाराची दक्षिणेकडील भिंत एका आषाढात मध्यरात्री कोसळली. सकाळी पूजेस आलेली मंडळी प्रथम देवीस हात जोडीत आणि लगेच एकमेकांस विचारीत, 'आता खर्च किती येईल?' आकड्यांचे थोडेसे वेड आम्हांस आहे, ही गोष्ट दुर्दैवाने गावात सर्वश्रुत. तेव्हा अंदाजपत्रकाचे काम महाजनांच्या बैठकीत आमच्याच गळ्यात पडले.

जुनी भिंत चिऱ्याची होती. 'देवाच्या आवारात चिराच शोभतो,' असे एका वृद्ध महाजनांनी निक्षून सांगितले. चिऱ्यावर लोभ आमचाही आहे. खाणीतून निघताना कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ आणि वारा लागताच घट्ट होत जाणारा असा हा दगड. बुकानन नावाच्या इंग्रजी अमदानीतील प्रवाशाने 1807 साली त्याचे जे नाव छापले, ते लॅटिन भाषेतील विटेच्या नावावरूनच घेतलेले आहे. परंतु देवस्थानाचा निधी बेताचा. त्यात महाजनांची वर्गणी होती, तशीच महाद्वारापाशी फुले विकणाऱ्या बायकांनी पदराच्या गाठी सोडून दिलेली नाणीही होती. आम्ही सिमेंटच्या ब्लॉकांचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला.

त्या रात्री आम्ही पाटी घेऊन बसलो. ब्लॉक 390 मिलिमीटर लांब, 190 उंच व तितकाच रुंद. त्यात 10 मिलिमीटरचा सांधा मिळविला की लांबी 400 आणि उंची 200 होते. ही सोय पाहून आम्हांस कोण आनंद झाला! फाटक वगळता भिंत 48 मीटर. म्हणजे एका थरास 120 ब्लॉक. उंची 1.8 मीटर, म्हणजे नऊ थर; एकूण 1080. दुसऱ्या वाटेनेही ताळा पाहिला. चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक, क्षेत्र 86.4, पुन्हा 1080! फुटतुटीसाठी शेकडा पाच धरले. सांध्यांचा माल सव्वा घनमीटरच्या आत बसला. एकास सहा प्रमाणाने, थोडी नासधूस धरूनही, सिमेंटच्या आठ गोणी आणि सुमारे अर्धा ब्रास वाळू पुरेशी. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आल्यामुळे आम्ही शांत झोपलो. हीच आमची चूक. ताळा गुणाकाराचा जुळला होता, भिंतीचा नव्हे.

बैठकीच्या आदल्या दिवशी कागद घेऊन आम्ही गावच्या म्हाताऱ्या मेस्त्रीकडे गेलो. त्यास वाचता येत नाही; आम्ही वाचून दाखविले. तो पडक्या भिंतीच्या मागे जाऊन उभा राहिला. तिथली जमीन आतल्यापेक्षा फूटभर उंच आहे. पायाने चिखल उकरीत त्याने विचारले, "बाब, उदकाक वाट खंय दवरल्या?"

आम्ही निरुत्तर झालो. जुनी भिंत पाण्याच्या वजनाने पडली होती आणि आमच्या कागदावर पाण्याचा उल्लेखच नव्हता. नव्हे, जमिनीखालचे काहीच नव्हते. घरी येऊन पुन्हा मांडणी केली. 60 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाड अशा काँक्रीटच्या थरासच सिमेंटच्या पंधरा गोणी हव्यात; दिसणाऱ्या साऱ्या भिंतीच्या जवळजवळ दुप्पट! तीन तीन मीटरवर खांब घ्यावयाचे, तर ते अठरा. त्यांची सळई आणि गिट्टी निराळी. खांबांनी अडविलेल्या जागेमुळे 81 ब्लॉक मात्र वाचले, तेवढेच समाधान.

दुसऱ्या दिवशी बैठकीत आम्ही दोन्ही कागद पुढे ठेविले आणि पहिला चुकीचा आहे असे स्वमुखाने सांगितले. खजिनदारांच्या कपाळावर आठ्या चढल्या. तेव्हा मेस्त्रीने सुचविलेली तोड कामी आली : पडलेल्या भिंतीचे साबूत चिरे निवडून काँक्रीटच्या थरावरचे, जमिनीपर्यंतचे पायाचे बांधकाम त्यांतच करावयाचे, आणि वर पहिल्या थरात ठिकठिकाणी पाणी निघून जाण्यास नळ्या बसवावयाच्या. चिरा पायात जाणार, हे ऐकून ते वृद्ध महाजनही संतोषले.

काम सुरू झाल्यावर एक वाद उरला. गवंडी चिऱ्याच्या सवयीने ब्लॉकांवर घागरी ओतू लागले. सिमेंटचा ब्लॉक चिंब भिजवून लावला, तर तो भिंतीत सुकताना आकसतो आणि सांध्यांस तडे जातात. नुसता ओलसर हात फिरविला की पुरे. हे सांगता सांगता आमचा घसा बसला. बांधून झालेल्या भिंतीस मात्र सात दिवस पाणी मारण्यास कोणाची ना नव्हती.

जत्रेपूर्वी भिंत पूर्ण झाली. पुढल्या आषाढात, पहिल्या मोठ्या सरीच्या वेळी, आम्ही छत्री घेऊन तेथे उभे होतो. नळ्यांतून लाल पाणी वाहत होते. मेस्त्री आमच्याही आधी येऊन बसला होता. उरलेल्या एकतीस ब्लॉकांपैकी एक त्याने बसावयास घेतला होता. बाकीच्यांवर फुलांच्या टोपल्या होत्या.