खोक्याचा हिशोब

सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर भरपूर लिहून झालं. तो टॉवेल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून गावाबाहेर जातो, त्याच्या भावाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. आमच्या भाभीची महिन्याची कमाई त्या भावावर ठरते. चार मशिनींवर टॉवेलच्या कडा शिवायच्या, घड्या घालायच्या आणि खोक्यात भरून द्यायचं, हे तिचं काम. मजुरी डझनावर ठरलेली, खोका तिच्या पदरचा.

यंदा व्यापाऱ्याने चपटा खोका मागितला आणि खोकेवाल्याने भाव चढा सांगितला. भाभी म्हणाली, "माल उत्ताच है, फिर भाव जास्त कायकू?"

प्रश्न रास्त होता. जुना खोका ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ४० उंच. नवा ८० लांब, ६० रुंद, २० उंच. दोन्हींचं घनफळ ९६,००० घन सेंटिमीटर.

तिचा मुलगा नववीत, उर्दू शाळेत शिकतो. त्याने पुस्तकातल्या सूत्राने पृष्ठफळ काढलं: जुन्याचं १२,८०० चौरस सेंटिमीटर, नव्याचं १५,२००. सूत्र बरोबरच आहे. पण ते सहा बाजू मोजतं. खोका एका सपाट शीटमधून कापला जातो, म्हणून आम्ही एक रिकामा खोका उघडून फरशीवर पसरला.

चार भिंती एका रांगेत येतात, शेवटी जोडासाठी चारेक सेंटिमीटरची पट्टी. वर-खाली झाकणाच्या पाकळ्या, प्रत्येक अर्ध्या रुंदीची. म्हणून शीटची लांबी म्हणजे लांबी आणि रुंदीच्या बेरजेची दुप्पट, अधिक जोडपट्टी. शीटची रुंदी म्हणजे खोक्याची रुंदी अधिक उंची. भाभीच्या शिलाईच्या टेपने तेच माप आलं. जुन्या खोक्याला २०४ गुणिले ८०, म्हणजे १६,३२० चौरस सेंटिमीटर. नव्याला २८४ गुणिले ८०, म्हणजे २२,७२०. माल तेवढाच, पुठ्ठा ३९ टक्के जास्त.

पुढचा हिशोब वजनाचा, कारण कागद किलोवर विकला जातो. पाच प्लायच्या पुठ्ठ्यात तीन कागद सपाट, दोन नागमोडी. नागमोडी कागद साधारण १.४ पट लागतो. प्रत्येक कागद १५० जीएसएमचा धरला, तर एक चौरस मीटर पुठ्ठा सुमारे ८७० ग्रॅम भरतो. जुना खोका १.४२ किलोचा, नवा १.९८ किलोचा. किलोला ६० रुपये धरले, तरी एका खोक्यामागे ३३ रुपयांचा फरक. कापताना वाया जाणारा पुठ्ठा आणि छपाई वेगळी.

खोकेवाला भाव वाढवून सांगत नव्हता. आकार व्यापाऱ्याने बदलला होता आणि त्याचे पैसे भाभीच्या मजुरीतून जाणार होते. तिने पोराची वही पिशवीत घातली आणि व्यापाऱ्याकडे गेली. त्याने अर्धा फरक सोसायचं कबूल केलं. उरलेल्या अर्ध्यासाठी तिचं म्हणणं आहे की खोका ६० रुंदीऐवजी ४० रुंद आणि ३० उंच करावा. माल तेवढाच मावतो आणि शीट १७,०८० वर येते. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

तुमच्या घरातही कुणी असं भरून देण्याचं काम करत असेल, तर खोका घेताना तीन गोष्टी विचारा: किती प्लाय, किती जीएसएम आणि उघडलेल्या शीटचं माप काय. बाकीचा गुणाकार घरातलं नववीचं पोर करून देईल.