पडवीतला लेथ

प्रवासवृत्त म्हटले की ते काशी-रामेश्वराचे, निदान महाबळेश्वराचे तरी असावे, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. माझा प्रवास दादरहून रे रोडपर्यंतचा. अंतर फार तर दोन कोसांचे, आणि तीर्थ कोणते म्हणाल तर मोडीचा बाजार! तथापि ह्या यात्रेस मला सुमारे चार महिने लागले, आणि तिचे निमित्त झाला आमच्या घरातला एक मोडका पाळणा.

हा सागवानी पाळणा पणजोबांनी करविला. आजोबा, वडील, काका आणि आम्ही सगळी भावंडे त्यातच निजलो. अलीकडे पुष्कळ वर्षे तो पोटमाळ्यावर पडून होता. धाकट्या पुतणीस दिवस गेले, ती पहिलटकरीण म्हणून माहेरी यावयाची ठरली, आणि काकूंनी पाळणा खाली काढविला. पाहतो तो एका बाजूचे चार कातीव गज नाहीसे झालेले! वहिनी म्हणाल्या, "दुकानात हलके, सुबक पाळणे मिळतात, एक आणून टाकू." काकूंनी त्यांच्याकडे पाहिलेदेखील नाही. "ह्याच घरात ह्याच पाळण्यात बारसे होईल. पुढल्या वर्षी घर तरी कोठे राहणार आहे?" असे म्हणून त्या आत गेल्या.

काकूंचे म्हणणे खरे होते. आमची इमारत पुनर्विकासात जावयाची आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि गर्दीतील लोकांना मोकळी हवा मिळावी म्हणून दादर-माटुंग्याकडे आखीव रस्त्यांच्या वसाहती वसविण्यात आल्या. त्या वेळची दुमजली-तिमजली घरे आता एकामागून एक उतरत आहेत. आमचीही पाळी आली आहे.

चार गज म्हणजे काही मोठे काम नव्हे, अशा समजुतीने मी सुतारांकडे गेलो. परंतु हल्लीचे फर्निचरचे काम बहुतेक प्लायवुडचे. चार-आठ नगांसाठी कातकाम करून द्यावयास कोणी तयार होईना. चौकोनी गज बसवून देतो, असे दोघे म्हणाले. तेव्हा मीच जुना, लहानसा लाकडाचा लेथ मिळवून गज कातावे, असे मनात घेतले. थोरले काका हे ऐकून म्हणाले, "आपल्या घरात लेखणीखेरीज हत्यार आलेले नाही." त्यांच्या स्वरात अभिमान होता की खंत, हे मला त्या वेळी कळले नाही.

मी त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण दिली. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून लक्ष्मणरावांची चित्रकला सुटली, आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. पुढे नोकरी सोडून बेळगावास गेले, नांगर केले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. ती इन्स्टिट्यूट भायखळ्याहून १९२३ साली माटुंग्यास आली. आमच्या घरापासून ती पायी जाण्याच्या अंतरावर. परंतु आमच्या घरातून तिकडे कोणी गेले नाही. काका हसले, आणि मागची पडवी मला मिळाली.

दादरकराला जुन्या यंत्रांसाठी दूर जावे लागावे, ही मोठी मौजच म्हटली पाहिजे. परळचा रेल्वे कारखाना १८७९ पासूनचा. माटुंग्याचा डब्यांचा कारखाना १९१५ चा. डब्यांच्या सांगाड्यांत लाकूड होते त्या काळी तेथे सुताराचे काम मुबलक असे. गिरण्यांची सुरुवात १८५४ ची. मोठ्या गिरणीला आपले सुतारखाते असे आणि तेथे लाकडाचे फर्मेही होत. ही यंत्रे बहुतकरून विलायतेहून, लेस्टर आणि रॉचडेलसारख्या गावांतून, येत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष माणसे बाहेर पडली. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या, आणि त्यांची यंत्रे वजनावर विकली गेली. ज्या मार्गाने ती गेली त्याच मार्गाने मी निघालो.

पहिला मुक्काम मशीद बंदराजवळची नागदेवी स्ट्रीट. येथे हत्यारे, बोल्ट, पट्टे, बेअरिंगे ह्यांची दुकाने एकास एक लागून आहेत. येथे नवे सर्व मिळते, पण मला हवे होते जुने. तेथल्या एका वृद्ध व्यापाऱ्याने सल्ला दिला की आधी यंत्र घ्या आणि मग सुट्या भागांसाठी माझ्याकडे या. उलट करू नका. दुसरा मुक्काम चोरबाजार. मटण स्ट्रीटवर ग्रामोफोनचे कर्णे, जहाजावरचे दिवे, पितळी कुलुपे ह्यांत मला एक सुरेख लहान लेथ दिसला. ताजा हिरवा रंग दिलेला. मी भुललो आणि घेऊन आलो. घरी रंग खरवडला तेव्हा पायाला पडलेली चीर लांबीने बुजविलेली दिसली. ओतीव लोखंडाची चीर म्हणजे मडक्याची चीर. यंत्र फिरू लागले की वाढावयाचीच. दोष विकणाऱ्याचा काही असेल, परंतु पारखण्याची अक्कल नसताना खरेदीस जाणाऱ्याचा अधिक.

तिसऱ्या खेपेस सँडहर्स्ट रोडला गाडी बदलून हार्बर मार्गाने रे रोडला उतरलो आणि दारूखान्यात शिरलो. पूर्वी येथे तोफांच्या दारूचे कोठार असे, त्यावरून हे नाव. मोडलेल्या जहाजांचे साखळदंड, बॉयलरचे पत्रे, दातेरी चाके ह्यांचे डोंगर दोन्ही बाजूंस, आणि मधून हातगाड्या. ह्या वेळी मी शहाणा होऊन गेलो होतो. खिशात लहान हातोडी, खडू आणि बाटलीत थोडे डिझेल. लोखंड हातोडीने हलकेच वाजवावे. निर्दोष असेल तर घंटेसारखा नाद निघतो, चिरलेले बद्द बोलते. संशय आल्यास तेथे डिझेल लावावे, पुसून काढावे आणि वर खडू फासावा. चीर असेल तर आत मुरलेले तेल खडूवर काळी रेघ उमटविते. आपल्या आज्या बाजारात मडके वाजवून घेत, तीच ही विद्या.

पत्र्यांच्या ढिगाखाली तो लेथ होता. गंजाने तांबडा झालेला, दांडा घट्ट अडकलेला. कारखान्याच्या नावाची पितळी पाटी कोणी काढून नेलेली, आणि तिच्या रिपिटांची दोन भोके तेवढी उरलेली. मी वाजविला. तो स्वच्छ बोलला. विक्रेत्याने काट्यावर चढवून किलोच्या दराने पैसे घेतले. त्याच्या दृष्टीने ते लोखंड होते. त्याने मला फसविले नाही, आणि मीही त्याला काही समजाविण्याच्या भरीस पडलो नाही.

जुने यंत्र उघडताना घाई करू नये. प्रत्येक भाग सोडविण्यापूर्वी मी छायाचित्र घेतले आणि प्रत्येक बोल्टला चिठ्ठी बांधली. अडकलेला दांडा आठ दिवस तेलात भिजविला. रोज थोडे तेल, थोडी ऊब, आणि लाकडी ठोकळा मध्ये धरून हलके ठोके. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा घासला नाही. धूळ नाकात जाते आणि घरात मुले आहेत. गंज काढावयास प्लास्टिकच्या टबात धुण्याचा सोडा विरघळविला, यंत्राचा भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकास जोडला आणि धन टोकास टाकाऊ साधे लोखंड. ते स्टेनलेसचे घेऊ नये. पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. ह्या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून टब उघड्या अंगणात ठेविला. दुसऱ्या दिवशी गंज फडक्याने पुसला जाऊ लागला, आणि खालचे करडे लोखंड दिसले तेव्हा काकूसुद्धा पाहावयास आल्या.

एका बोल्टची चाकी हरवली होती. बाजारातील कोणतीही बसेना. तेव्हा नागदेवीच्या त्या वृद्धाकडे गेलो. त्यांनी आटे मोजले: अर्ध्या इंचाच्या बोल्टवर इंचास बारा. "व्हिटवर्थ," ते म्हणाले. जोसेफ व्हिटवर्थ ह्या इंग्रज कारागिराने १८४१ साली घातलेले हे माप. आट्याचा कोन ५५ अंशांचा; हल्लीच्या मेट्रिक आट्याचा ६०, म्हणून दोहोंचे जुळत नाही. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, परंतु सुताराच्या तोंडी इंच आणि सूत अजून आहेत.

येथवर पुस्तकांनी साथ दिली. परंतु दांडा ज्या बेअरिंगांत फिरतो, ती पांढऱ्या धातूची, ज्याला बॅबिट म्हणतात, झिजून गेली होती आणि नवी ओतावयास हवी होती. तेव्हा एका स्नेह्याने लालबागच्या चाळीत राहणाऱ्या एका मिस्त्रींची गाठ घालून दिली. गिरणीच्या सुतारखात्यात फर्मे करणारे. संपात नोकरी गेली, त्यानंतर मिळेल ते सुतारकाम केले. वय सत्तरीच्या पुढे. पडवीत येऊन त्यांनी लेथच्या बेडवर तळहात फिरविला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असा आमच्या खात्यात खिडकीशी होता."

त्यांनी बेअरिंगे ओतली ते मी जन्मभर विसरणार नाही. दांड्यावर काजळी धरली, म्हणजे धातू चिकटत नाही. फटी बुजवावयास लालबागेतून आणलेली शाडू लावली आणि ती ज्योतीवर कोरडी ठणठणीत केली. ओल राहिली तर वाफ होऊन तापलेला रस अंगावर उडतो. रस तयार झाला की नाही हे पाहण्यास त्यात लाकडाची काडी बुडविली. काडी करपली पाहिजे, पेटता कामा नये. मग एका धारेत, न थांबता, ओतले. दुसरे दोन दिवस निळी लावून, फिरवून पाहून, जेथे निळी उमटेल तेवढेच खरवडीत बसले.

काम संपले तेव्हा काकांनी पाकिटात रक्कम घालून ती 'बिदागी' म्हणून पुढे केली. मिस्त्रींनी ते घेतले नाही. "बिदागी गवयाला, भटजीला देतात, साहेब. मला मजुरी द्या. दिवस मोजा आणि द्या." काका क्षणभर गोंधळले, मग खुर्ची ओढून समोर बसले आणि दोघांनी मिळून दिवस मोजले. साडेपाच भरले. काकांनी तेवढ्यांचीच मजुरी दिली, दराचा घोळ न घालता. मिस्त्रींनी नोटा मोजून खिशात ठेविल्या आणि मगच चहा घेतला. आमच्या घरात विद्येचा मान पुष्कळ झाला. परंतु हाताच्या विद्येला दान नको, दाम हवा, हे आम्हांला त्या दिवशी एका गिरणी कामगाराने शिकविले.

मग अर्ध्या अश्वशक्तीची मोटर बसविली. ती मिनिटास १४४० फेरे घेते. तिचे चाक ३ इंचांचे आणि लेथवरचे ६ इंचांचे, म्हणून लाकूड ७२० फेऱ्यांनी फिरते. पट्ट्यावर लाकडी जाळी घातली आणि नियम केला की यंत्र चालू असता पदर, ओढणी, सैल बाही जवळ येता कामा नये, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. शेजाऱ्यांशी बोलून वेळ ठरविली: सकाळी दहा ते बारा. लाकूड मिळाले ते पलीकडच्या उतरविलेल्या इमारतीच्या चौकटीचे, जुने सागवान. त्यातले खिळे शोधून काढण्यातच एक सकाळ गेली.

जुन्या गजाचा आकार पत्र्याच्या फर्म्यावर उतरविला आणि पहिला गज लावला. गोल पटाशी अडकून तो उडाला आणि भिंतीवर आदळला. मिस्त्री म्हणाले, "हत्यार आधी टेक्यावर टेकवा, मग लाकडावर. घाई लाकडाला कळते." तिसरा गज उतरला. इतक्यात पुतणी आली. ती डॉक्टर, तिने गजांतली अंतरे मोजली आणि म्हणाली, "ही सहा सेंटिमीटरांपेक्षा जास्त नकोत, बाळाचे डोके अडकते." पणजोबांच्या पाळण्यात ती साडेसात होती! मग नवी भोके पाडून गज जवळ घेतले आणि चाराचे बारा झाले. शेवटचे तीन मिस्त्रींनी कातले. डोळ्यांना आता पुरते दिसत नाही, असे ते सांगतात. परंतु बोटे पाहत होती. वरून नुसते चपडीचे पॉलिश दिले.

बारसे ठरल्या दिवशी झाले. मिस्त्री नातीला घेऊन आले होते. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झाल्यावर काकूंनी त्यांनाही पाळण्याची दोरी हाती दिली. त्यांनी झोका दिला, आणि दुसऱ्या हाताने एक गज हळूच फिरवून पाहिला. घट्ट आहे ना, म्हणून.

इमारत उतरेल तेव्हा लेथ कोठे ठेवावा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. नव्या घरांच्या नकाशात पडवी नाही. परंतु परवा थोरले काका जिन्याच्या कठड्याचे गज मोजीत होते. ते पाडणाऱ्यांच्या हाती जाण्यापूर्वी काढून घ्यावयाचे आहेत, असे म्हणाले. आणि मिस्त्रींना शनिवारी सवड आहे का, ते विचारावयास सांगितले.